दोन अज्ञात आणि दोन स्वतंत्र विधाने

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग १ मधील पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. नववीत याच नावाचे प्रकरण होऊन गेलेले असल्यामुळे ते सोपे आणि हमखास गुण देणारे समजले जाते, आणि समीकरणे तयार दिलेली असतील तोवर ही समजूत खरीही आहे. नाशिकला इंदिरानगरमध्ये आमच्या सोसायटीतील काही मुले संध्याकाळी माझ्याकडे गणिताच्या वह्या घेऊन येतात. त्या वह्या तपासताना एक गोष्ट मला सतत दिसते, ती अशी की उत्तर चुकते ते बहुतेक वेळा समीकरणे सोडवताना नव्हे, तर पहिले समीकरण कागदावर उतरण्यापूर्वीच. शाब्दिक उदाहरण अर्धे वाचून होताच 'क्ष मानू' असे लिहून टाकले जाते. पण क्ष म्हणजे पेट्यांची संख्या, पेटीचे वजन की पेटीची किंमत, याचा पत्ता पुढच्या चार ओळींत कोठेही लागत नाही. (पुस्तकात चलांसाठी रोमन अक्षरे असतात; मी येथे क्ष आणि य वापरते.)

एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील घेऊ. पिंपळगाव बसवंतच्या एका बागायतदाराने द्राक्षांच्या दोन किलोच्या आणि पाच किलोच्या मिळून ३४० पेट्या भरल्या आणि एकूण माल १,१०० किलो भरला. प्रत्येक प्रकारच्या पेट्या किती? यात दोन विधाने आहेत आणि ती दोन वेगवेगळ्या गोष्टींविषयी आहेत: पहिले पेट्यांच्या संख्येविषयी, दुसरे वजनाविषयी. दोन किलोच्या पेट्यांची संख्या क्ष आणि पाच किलोच्या पेट्यांची संख्या य मानली, तर पहिले विधान क्ष + य = ३४० असे आणि दुसरे २क्ष + ५य = १,१०० असे लिहिता येते. पहिल्या समीकरणातील प्रत्येक पद 'पेट्या' आहे, दुसऱ्यातील प्रत्येक पद 'किलो' आहे. जो मुलगा क्ष + य = १,१०० असे लिहितो त्याला बीजगणित येत नाही असे मला वाटत नाही; तो पेट्या आणि किलो यांची बेरीज करतो आहे, एवढेच. म्हणून समीकरण लिहिल्यावर लगेच सोडवू न देता मी ते मराठीत मोठ्याने वाचायला लावते: 'दोन किलोच्या पेट्यांचे वजन आणि पाच किलोच्या पेट्यांचे वजन मिळून अकराशे किलो.' वाचता येत नसेल, तर ते समीकरण बरोबर असण्याची शक्यता फार कमी असते.

हेच उदाहरण बीजगणिताशिवायही सुटते आणि ते तसे सोडवून पाहणे मला आवश्यक वाटते. सगळ्या ३४० पेट्या दोन किलोच्याच आहेत असे क्षणभर धरले, तर वजन ६८० किलो होईल. प्रत्यक्षात ते १,१०० आहे, म्हणजे ४२० किलो कमी पडले. एक दोन किलोची पेटी काढून तिच्या जागी पाच किलोची ठेवली की वजन तीन किलोने वाढते. तेव्हा ४२० किलो भरून काढण्यासाठी १४० पेट्या बदलाव्या लागतील. पाच किलोच्या १४० आणि दोन किलोच्या २०० पेट्या झाल्या. आता लोप पद्धतीने, म्हणजे दोनपैकी एक चल नाहीसे करून, हेच करून पाहावे. पहिल्या समीकरणाला २ ने गुणले की २क्ष + २य = ६८० मिळते; ते दुसऱ्यातून वजा केले की ३य = ४२० उरते. म्हणजे ६८० हे सगळ्या पेट्या लहान धरल्यावरचे वजन, ४२० ही तूट आणि य चा सहगुणक ३ म्हणजे पेटीमागची वाढ. मुले यांत्रिकपणे जी गुणाकार-वजाबाकी करतात तिच्या प्रत्येक पायरीला हिशेबात अर्थ असतो. तो एकदा दिसला की 'काकू, कोणत्यातून कोणतं वजा करायचं?' हा प्रश्न आपोआप मागे पडतो, कारण कोणत्यातूनही कोणतेही वजा केले तरी चालते, फक्त चिन्हे प्रत्येक पदाची बदलायची असतात. शेवटच्या पदाचे चिन्ह बदलायचे राहून जाणे हा या प्रकरणातील नेहमीचा अपघात आहे; त्यावर सरावाखेरीज उपाय नाही.

आलेख पद्धत मुलांना कंटाळवाणी वाटते, आणि पट्टी-पेन्सिल घेऊन एका सेंटिमीटरला ५० पेट्या असे प्रमाण ठरवत बसणे कोणाला आवडेल, हा प्रश्नच आहे. परंतु लोप का चालतो याचे उत्तर आलेखातच आहे. क्ष + य = ३४० ही रेषा (३४०, ०) आणि (०, ३४०) या बिंदूंतून जाते, तर २क्ष + ५य = १,१०० ही (५५०, ०) आणि (०, २२०) या बिंदूंतून. त्या (२००, १४०) येथे छेदतात. आता पहिल्या समीकरणाची कोणतीही पट दुसऱ्यात मिळवली किंवा त्यातून वजा केली, तर जी नवी रेषा तयार होते तीही याच बिंदूतून जाते, कारण जो बिंदू दोन्ही विधाने खरी करतो तो त्यांच्या बेरजेचे विधानही खरेच करणार. म्हणजे लोप करताना आपण दुसरी रेषा त्या छेदनबिंदूभोवती फिरवत असतो आणि ती अक्षाला समांतर होईल अशी पट निवडतो. य = १४० ही आडवी रेषा म्हणजे फिरवून सरळ केलेली दुसरी रेषाच होय. मी हे फळ्यावर वेगवेगळ्या रंगांच्या खडूंनी काढून दाखवते, आणि या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत सुंदर आकृती हीच, असे माझे मत आहे. परीक्षेत मात्र ती कधीच विचारली जात नाही.

अशी समीकरणे सोडवण्याच्या क्रेमरच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. गाब्रिएल क्रेमर हे जिनिव्हाचे गणिती. बैजिक वक्रांवरील त्यांच्या ग्रंथात १७५० साली ही रीत आली, आणि त्यांना ती हवी होती ती दिलेल्या बिंदूंतून जाणारा वक्र शोधण्यासाठी. आपल्या उदाहरणात निश्चयक, म्हणजे सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांतील फरक, १ × ५ − २ × १ = ३ येतो; एकेका चलाच्या सहगुणकांच्या जागी उजवीकडच्या संख्या घातल्या की क्ष साठीचा ६०० आणि य साठीचा ४२०; भागाकार केले की २०० आणि १४०. हा ३ आणि हा ४२० आपण आधी पाहिलेलेच आहेत. क्रेमरची रीत म्हणजे अक्षरे ठेवून कायमचा एकदाच केलेला लोप, एवढे सांगितले की तिचे गूढ संपते. निश्चयक शून्य आला तर भागाकार अडतो. तेव्हा रेषा एकतर समांतर असतात किंवा एकच असतात.

ज्या भागात मुले सर्वाधिक अडखळतात तो भाग म्हणजे देवाणघेवाणीची उदाहरणे, आणि त्यासाठी मी नेहमी भास्कराचार्यांकडे जाते. ११५० साली पूर्ण झालेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या बीजगणित या भागात असे उदाहरण आहे: एक जण दुसऱ्याला म्हणतो, 'मित्रा, मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट धनवान होईन', दुसरा म्हणतो, 'तू मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन'. दोघांचे धन किती? आजच्या रीतीने पहिल्याचे धन क्ष आणि दुसऱ्याचे य मानले, तर मुले हटकून क्ष + १०० = २य असे लिहितात. घेणाऱ्याकडे शंभर वाढले हे त्यांना दिसते, देणाऱ्याकडचे शंभर कमी झाले हे दिसत नाही. योग्य समीकरणे क्ष + १०० = २(य − १००) आणि य + १० = ६(क्ष − १०) ही आहेत; नेहमीच्या रूपात आणल्यावर ती क्ष − २य = −३०० आणि ६क्ष − य = ७० अशी होतात. उत्तर पहिल्याचे ४० आणि दुसऱ्याचे १७०. पडताळा तोंडी घेता येतो: १४० हे ७० च्या दुप्पट, १८० हे ३० च्या सहापट.

भास्कराचार्यांनी मात्र येथे दोन अव्यक्ते, म्हणजे अज्ञात संख्या, घेतलीच नाहीत. शंभर दिल्यानंतर दुसऱ्याकडे जे उरेल तेच त्यांनी अव्यक्त मानले. ते क्ष असेल, तर पहिल्याकडे त्या वेळी २क्ष होतील. म्हणजे मुळात पहिल्याचे धन २क्ष − १०० आणि दुसऱ्याचे क्ष + १००. पहिली अट अशी निवडीतच पूर्ण होऊन जाते आणि दुसऱ्या अटीसाठी एकच समीकरण उरते: क्ष + ११० = ६(२क्ष − ११०). त्यावरून ११क्ष = ७७०, आणि क्ष = ७०. अनेक अव्यक्तांची उदाहरणे त्यांनी अर्थातच वेगळी दिली आहेत, आणि तेथे यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशा नावांची आद्याक्षरे चलांचे काम करतात. परंतु हे उदाहरण त्यांनी एकवर्ण, म्हणजे एकाच अव्यक्ताच्या, समीकरणात घातले, यावरून अज्ञात म्हणून काय निवडावे हाच खरा निर्णय आहे, हे आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या शिक्षकालाही ठाऊक होते असे म्हणायला हरकत नाही. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. नाशिकरोडहून रेल्वेने चाळीसगाव एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे, तरी सहलींच्या यादीत पाटणादेवी क्वचितच येते, याची खंत वाटते.

समीकरणे तयार असतानाही आधी त्यांच्याकडे पाहावे, मग पद्धत निवडावी, यासाठी मी महावीराचार्यांचे उदाहरण देते. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील, म्हणजे नवव्या शतकातील, या जैन गणितीच्या गणितसारसंग्रहात नऊ महाळुंगे आणि सात कवठे यांची किंमत १०७, तर सात महाळुंगे आणि नऊ कवठे यांची १०१ दिली आहे. ९क्ष + ७य = १०७ आणि ७क्ष + ९य = १०१. सहगुणकांची नुसती अदलाबदल आहे. अशा वेळी ६३ हा लसावि काढून गुणाकार करत बसणारा विद्यार्थी चुकत नाही, पण उगाच दमतो. दोन्ही समीकरणांची बेरीज केली की १६(क्ष + य) = २०८, म्हणून क्ष + य = १३; वजाबाकी केली की २(क्ष − य) = ६, म्हणून क्ष − य = ३. महाळुंग ८ चे, कवठ ५ चे. याच ठेवणीची, पण मोठ्या सहगुणकांची उदाहरणे दहावीच्या पुस्तकात आहेत आणि प्रश्नपत्रिकेतही येतात.

बोट आणि प्रवाहाच्या उदाहरणांत चले छेदात जातात. प्रवाहाविरुद्ध १० किमी आणि प्रवाहाच्या दिशेने ३६ किमी जायला ५ तास, तसेच विरुद्ध १५ किमी आणि दिशेने २४ किमी जायलाही ५ तास, असे दिले असेल, तर प्रवाहाविरुद्ध एका किलोमीटरला लागणारा वेळ म आणि प्रवाहाच्या दिशेने लागणारा न मानावा. १०म + ३६न = ५ आणि १५म + २४न = ५ ही साधी जोडी मिळते; तिच्यातून तासाला ५ किमी आणि १२ किमी हे दोन वेग निघतात आणि मग बोटीचा स्वतःचा वेग ८.५ व प्रवाहाचा ३.५ मिळवण्यासाठी आणखी एक जोडी सोडवावी लागते. पुष्कळ मुले पहिल्या जोडीपाशीच उत्तर लिहून थांबतात. (गंगापूर धरणाच्या बोट क्लबचे उदाहरण येथे उपयोगी पडत नाही, तेथील पाणी प्रवाहाच्या उदाहरणासाठी फारच शांत आहे.)

राहता राहिली अंकांची अदलाबदल. दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य असलेली संख्या क्षय नव्हे, तर १०क्ष + य. हे पटले की ती आणि तिची उलट संख्या यांची बेरीज नेहमी ११(क्ष + य) आणि फरक ९(क्ष − य) असतो हे लगेच दिसते. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची ६१७४ ही संख्या याच मांडणीतून समजून घेता येते. सगळे सारखे नसलेले चार अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची आणि आलेल्या फरकावर तेच पुन्हा पुन्हा करायचे, की शेवटी ६१७४ येते. प्रत्येक वेळी फरक ९९९ × (पहिला − चौथा) + ९० × (दुसरा − तिसरा) एवढा येतो; ७६४१ साठी तो ९९९ × ६ + ९० × २ = ६१७४ होतो, आणि त्यातील अंक पुन्हा तेच चार असल्यामुळे क्रिया तेथेच थांबते.

अंकांची उदाहरणे मुलांना स्वतः रचायला दिली की स्वतंत्र विधान म्हणजे काय, हे त्यांच्या ध्यानात येऊ लागते. मागे एका मुलीने असे उदाहरण रचून आणले: 'एका दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज १२ आहे आणि ती संख्या व तिची उलट संख्या यांची बेरीज १३२ आहे, तर ती संख्या कोणती?' तिच्या मनातील उत्तर ५७ होते. वर्गातील दुसऱ्याने ८४ सांगितले आणि दोघेही पडताळा घेऊन बसले, कारण दोन्ही बरोबर होते. ११(क्ष + य) = १३२ हे वाक्य क्ष + य = १२ हेच पुन्हा सांगत होते; निश्चयक शून्य, रेषा एकच. दोन चलांच्या अशा समीकरणाला अनंत उकली असतात, परंतु येथे चले अंक असल्यामुळे मुलांनी बसून सगळ्या काढल्या: ३९, ४८, ५७, ६६, ७५, ८४ आणि ९३. मग एककस्थानचा अंक दशकस्थानच्या अंकापेक्षा २ ने मोठा आहे अशी अट तिने दुसऱ्या विधानाच्या जागी घातली आणि उदाहरण वहीत पक्के केले.