एका वेळी एकच बहार

नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला माझ्या आजोळच्या घरी एका लोखंडी पेटीत एक रुमाल होता. जुन्या कागदपत्रांच्या कापडात बांधलेल्या गाठोड्याला रुमाल म्हणतात आणि या रुमालात आईच्या आजोबांच्या हातचे १४२ कागद आहेत. मामांनी तो माझ्या स्वाधीन केला, तेव्हा मला त्यातील एकही ओळ वाचता आली नाही, कारण सगळे लिखाण मोडीत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी माणसांचे हिशेब, खरेदीखते आणि पत्रे ज्या लिपीत सर्रास लिहिली जात, ती लिपी दोन पिढ्यांत आमच्या घरातून पार निघून गेली होती. हे कागद आपण स्वतः वाचायचे, असे मी २०२१ च्या दिवाळीत ठरवले आणि नागपूरला परतल्यावर दैनंदिनीत ओळ लिहिली: ‘मोडी शिकणे’.

ती ओळ मी पुढचे चौदा महिने एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरवत राहिले.

त्याच पानांवरची इतर कामे मात्र होत होती. वीजबिल वेळेत भरले जात होते, उन्हाळ्याआधी कूलरला नवा वाळा लागत होता, आईच्या औषधांची चिठ्ठी धंतोलीतल्या दुकानात पोहोचत होती. त्यामुळे दोष माझ्या चिकाटीत आहे, असे मी बराच काळ समजत होते. आज मला ते निदान चुकीचे वाटते. ‘वीजबिल भरणे’ ही ओळ वाचली की हाताला काय उचलायचे ते कळते. ‘मोडी शिकणे’ ही ओळ वाचली की नेमके काय करायचे, कोठून सुरुवात करायची, किती झाले म्हणजे आजचे झाले, यातील काहीच कळत नाही. पहिली ओळ काम आहे आणि दुसरी इच्छा आहे. दोन्ही एकाच यादीत, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिल्या की आपण दिवसभर कामे करतो आणि इच्छा रात्री उद्याच्या पानावर ढकलतो. शिवाय दहापैकी नऊ ओळी खोडल्याचे समाधान पदरात पडते, आणि जी एक ओळ आपल्याला खरोखर हवी होती ती तशीच राहिली याकडे लक्षही जात नाही.

म्हणून मी त्या इच्छेची फोड करायला बसले. ती करताना लक्षात आले की फोड करण्यासाठी विषयाची थोडी तरी माहिती आधी असावी लागते. मोडीत लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढतो आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरे जोडत जातो. दोन शब्दांत जागा सोडत नाही, विरामचिन्हे देत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाही, आणि काही अक्षरांचे रूप तर काना-वेलांटी लागताच ओळखू येणार नाही इतके बदलते. त्यामुळे मुळाक्षरे गिरवून मोडी येते हा माझा समज कामाचा नव्हता; बाराखडीला मुळाक्षरांच्या कितीतरी पट वेळ द्यावा लागणार होता. हे कळल्यावर मी ३१ ओळींची यादी केली. प्रत्येक ओळ अशी होती की ती वाचताच वही, टाक आणि पाठ्यपुस्तकाचे अमुक पान समोर ओढता यावे. यादी चांगली होती, असे मी आजही म्हणेन.

तरीही जानेवारी २०२३ उजाडेपर्यंत त्यातील चारच ओळी झाल्या होत्या. याचे कारण मला संत्र्याच्या बागेत समजले.

त्या महिन्यात मी काटोलला गेले, तेव्हा मामा बागेचा ताण तोडत होते. ज्यांना बागाईतीची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगते. आपल्याकडच्या संत्र्याला मुख्यतः दोन बहार घेतात: जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया आणि पावसाच्या सुरुवातीला फुलणारा मृग. आंबिया धरायचा असेल तर डिसेंबरच्या सुमारास झाडाचे पाणी बंद करतात; जमीन हलकी असेल तर साधारण महिनाभर आणि काळी, भारी असेल तर त्याहून अधिक दिवस. याला ताण देणे म्हणतात. पाणी तुटल्यावर झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होतात, काही गळतात, आणि नवख्या माणसाला वाटते की बाग हातची गेली. प्रत्यक्षात पालवीवर खर्च होणारे अन्न त्या दिवसांत झाड साठवून ठेवते. मग खत घालून हलके पाणी सोडतात, म्हणजे ताण तोडतात, आणि झाड एकदम फुलांवर येते. मी मामांना विचारले की विहिरीला पाणी भरपूर आहे, तर दोन्ही बहार का घेत नाही. ते म्हणाले, “बाई, दोन्ही बहार धरशीन तं एकही धड येत नाही, अन् झाडही खचते.”

मी घरी येऊन माझी वही उघडली. मोडीच्या ३१ ओळींशेजारी त्यात रोज पहाटे अंबाझरीला फिरायला जाणे होते, गृहकर्ज मुदतीआधी फेडण्याचा आराखडा होता, पदोन्नतीच्या परीक्षेचा अभ्यास होता, गच्चीवरची बाग होती, आणि कॉलेजात सुटलेले गाणे पुन्हा सुरू करण्याचा संकल्प होता. यातील एकही गोष्ट निरर्थक नव्हती आणि म्हणूनच एकही खोडवत नव्हती. सहा बहार मी एकाच झाडावर धरले होते.

तेव्हापासून मी दोन वह्या ठेवते. पहिल्या वहीत एकच उद्दिष्ट असते आणि त्याचीच कामे असतात. दुसऱ्या वहीत ताणावर ठेवलेली उद्दिष्टे असतात. ताणावर ठेवणे म्हणजे सोडून देणे नव्हे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. दुसऱ्या वहीतील प्रत्येक उद्दिष्टापुढे मी ते पुन्हा कधी हाती घ्यायचे तो महिना आणि त्या वेळी करायचे पहिले काम लिहून ठेवते. गाण्यापुढे ‘जून, आधीच्या गुरूंना फोन करून वेळ विचारणे’ असे लिहिले आणि त्या दिवसापासून गाणे सुटल्याची टोचणी बरीच कमी झाली. पुढे वाचनात आले की या अनुभवामागे मानसशास्त्राचा आधार आहे. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडले की पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामे माणसाला अधिक आठवत राहतात. आणि २०११ साली मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या अमेरिकी संशोधकांनी दाखवले की ते काम पूर्ण झाले नाही, तरी ते कसे आणि केव्हा करायचे याचा नेमका बेत केला की मनात घुटमळणारे विचार कमी होतात. नुसती नोंद पुरत नाही, बेत लागतो. माझ्या जुन्या दैनंदिनीत चौदा महिने नोंदच होती.

बेताचा सर्वांत महत्त्वाचा भाग, माझ्या मते, काम कोठे आणि केव्हा होणार हे ठरवणे हा आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. त्यांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत दोन दिवसांत एक टिपण लिहून पाठवायला सांगितले होते. ज्यांना ते कोठे बसून आणि केव्हा लिहिणार हे आधी ठरवायला लावले, त्यांच्यापैकी दहात सुमारे सात जणांनी वेळेत टिपण लिहिले; ज्यांना तसे ठरवायला लावले नाही, त्यांच्यात हे प्रमाण दहात तीनच्या आसपास राहिले. इतका फरक एवढ्याशा गोष्टीने पडतो, हे मला स्वतःच्या अनुभवाशिवाय पटले नसते.

माझा अनुभव असा. मी ‘रोज एक ओळ वाचणे’ हे काम खोडून त्या जागी लिहिले: ‘सुभाषनगरला मेट्रोत बसले की फोनमध्ये कागदाचे छायाचित्र उघडणे आणि सीताबर्डी येईपर्यंत एका ओळीत अडणे.’ मी ‘वाचणे’ असे न लिहिता मुद्दाम ‘अडणे’ असे लिहिले, कारण ओळ पुरी लागणे माझ्या हातात नसते, तिच्याशी तेवढा वेळ झटणे माझ्या हातात असते. संध्याकाळी घरी वहीत ती ओळ बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवायची. वेळ शोधावा लागला नाही. मेट्रोचा दरवाजा बंद झाला की हात आपोआप फोनकडे जाऊ लागला. ज्या दिवशी जागा मिळाली नाही त्या दिवशीही उभ्याने दोन शब्द तरी लागत.

हिशेबात मात्र मी मोठी चूक केली. रोज एक कागद धरला तरी १४२ कागद पाच महिन्यांत होतील, असे मी गृहीत धरले होते. पहिल्या कागदाला १९ दिवस लागले. कॅनडातील ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते आणि प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. सगळेच बिनसले तर किती लागतील, यावर त्यांनी दिलेला अंदाजही ४९ दिवसांच्याच आसपास होता. वाईटात वाईट अंदाजही कमी पडतो, ही बाब मी फार गंभीरपणे घेतली. आता मी अंदाज मनातून काढत नाही, तर मागच्या पानांवरून काढते. पहिल्या दहा कागदांना प्रत्येकी सरासरी किती बैठका लागल्या, तो आकडा घेऊन पुढच्या दहांची मुदत लिहिते. माझ्यासारख्या बँकेत काम करणाऱ्या व्यक्तीने मार्च महिना या हिशेबात धरूच नये, हेही मी त्यातूनच शिकले. मार्चअखेरीस वहीत फक्त मेट्रोची ओळ असते, दुसरे काही नसते.

असेच मे महिन्याचेही आहे. नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर चढलेला असताना आणि विशेषतः नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या, दिवसांत संध्याकाळी सात वाजता बसून बारीक अक्षर वाचण्याची अपेक्षा स्वतःकडून ठेवणे हा स्वतःवर अन्याय आहे. त्या दिवसांत मी बैठक पहाटे साडेपाचला, गच्चीवर नेते आणि ती वीस मिनिटांचीच ठेवते. जी यादी हिवाळ्यात आखली, तीच उन्हाळ्यात चालली पाहिजे, हा हट्ट कोणताही शेतकरी धरणार नाही.

दिवस चुकण्याविषयी मला विशेष आस्थेने लिहायचे आहे, कारण माझ्या ओळखीतले अनेक जण याच ठिकाणी वही मिटवतात. दोन दिवस खंड पडला की साखळी तुटली असे मानतात आणि मग ‘एक तारखेपासून नव्याने’ असे म्हणत महिना घालवतात. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, पण माणसामाणसांत हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलतो; आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात लक्षणीय फरक पडत नाही. सलग दिवसांची संख्या चमकत्या अक्षरांत दाखवणारी फोनवरची साधने मी याच कारणाने वापरत नाही. त्यांनी कोणाला मदत होत असेल, तर मला आनंदच आहे. पण आईच्या शस्त्रक्रियेच्या आठवड्यात ती संख्या शून्यावर येताना पाहणे मला सहन झाले नसते. वहीत त्या आठवड्याची पाने कोरी आहेत आणि पुढच्या सोमवारी पुन्हा एक ओळ आहे.

रविवारी सकाळी अर्धा तास मी आठवड्याच्या पानांवरून डोळे फिरवते. तीन आठवडे सलग न झालेली ओळ मी पुढे उतरवत नाही. ती पुन्हा फोडते, तिची जागा-वेळ बदलते किंवा तिला ताणाच्या वहीत टाकते. चौथ्यांदा तीच ओळ तशीच लिहायची नाही, एवढा एक नियम मी कसोशीने पाळते.

आतापर्यंत ९७ कागद झाले आहेत. त्यांत कापसाच्या विक्रीचे हिशेब आहेत, सालदारांना दिलेल्या ज्वारीच्या पायल्या आहेत, आणि पाव, अर्धा, पाऊण दाखवणाऱ्या उभ्या रेघा आहेत. त्या आधी मला ओरखडे वाटल्या होत्या. पदोन्नतीची परीक्षा मधल्या काळात दीड वर्ष ताणावर होती, तिचा बहार मी मागच्या वर्षी धरला आणि त्या काळात रुमाल बांधून ठेवला. गाण्याचा जून दोनदा पुढे गेला आहे. गच्चीवरची बाग मी पूर्ण विचारांती खोडली आणि त्याचे मला वाईट वाटले, पण ती आता कोणत्याच वहीत नाही.

९८ व्या कागदात एका गावाचे नाव आहे. ऱ्हस्व-दीर्घ नाही आणि अनुस्वारही दिलेला नाही, त्यामुळे ते तीन प्रकारे वाचता येते आणि तिन्ही प्रकारची गावे त्या परिसरात असू शकतात. सहा दिवस मेट्रोत त्याच शब्दाशी अडून झाले, म्हणून या रविवारी मी ती ओळ बदलली: ‘शनिवारी काटोलला पोहोचल्यावर, मामा बागेत निघण्याआधी, त्यांना ९८ वा कागद दाखवून गाव विचारणे. भिंग पिशवीत शुक्रवारी रात्रीच टाकणे.’