तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबई ते न्यूयॉर्क नेमके किती तास?

लातूरला भूगोल शिकवून मी निवृत्त झालो, आणि आता ज्यांची मुले अमेरिकेत आहेत असे आमच्या गल्लीतले आईवडील विमानाचे तिकीट घेऊन माझ्याकडे येतात. जाताना साडेसहा तास आणि येताना चोवीस तास कसे, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो.

तिकिटावर मुंबईहून निघण्याची वेळ रात्री १ आणि न्यूयॉर्कला उतरण्याची सकाळी ७.३० अशी असते. परतताना तिथून सकाळी ११.३० ला निघालेले विमान दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० लाच मुंबईत उतरते. प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते, आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते. तो फरक साडेसहात मिळवला की सोळा तास होतात, चोवीसातून वजा केला की साडेचौदा. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मात्र साडेनऊऐवजी साडेदहा धरावे लागतात, कारण हिवाळ्यात तिकडची घड्याळे एक तास मागे घेतात.

हे ठाऊक नसल्याने माणसाच्या जिवाला किती घोर लागतो, ते मी पाहिले आहे. शेजारच्या काकूंचा मुलगा पहिल्यांदा गेला, तेव्हा सकाळी आठलाच त्या फोन मुठीत धरून माझ्या दारात उभ्या राहिल्या. "गुरुजी, साडेसातला उतरणार व्हता, फोन लागंना." तो उतरणार होता आपल्या संध्याकाळी पाचला. मी तसे सांगितले, पण त्याचा आवाज कानावर पडेपर्यंत त्यांनी घोटभर चहासुद्धा घेतला नाही.

राहिला प्रश्न जाण्यायेण्यातल्या दीड तासाचा. पृथ्वी फिरते म्हणून असे होते, हे उत्तर मी अनेकांकडून ऐकतो; पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने ते बरोबर नाही. जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर आणि कधी त्याहूनही अधिक. परतीच्या विमानाला ते मागून रेटतात, जाणाऱ्याला समोरून अडवतात.

अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. शाळेतला पृथ्वीगोल मी अजून घरी जपून ठेवला आहे. त्यावर मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन ठिपक्यांवर दोरा ताणून धरला, की तो सरळ पश्चिमेला न जाता वर उत्तरेला चढतो, रशिया आणि स्कँडिनेव्हियावरून जवळजवळ आर्क्टिक वृत्तापर्यंत पोचतो आणि मग खाली उतरतो. सपाट नकाशावर वळसा वाटणारी हीच वाट खरी जवळची. विमान अर्थात दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना मार्ग बदलावे लागले. म्हणूनच सोळा तासांवर थोडा वेळ मी नेहमी जास्तीचा धरायला सांगतो. शिवाय लातूरहून मुंबईपर्यंतचा गाडीचा रात्रभराचा प्रवास आणि विमानतळावरचे तीन तास वेगळेच.

आता काकूंचा मुलगा निघाला, की मी त्यांना एका कागदावर फक्त आपल्या घड्याळाच्या वेळा लिहून देतो: निघणार रात्री १, उतरणार संध्याकाळी ५, बाहेर येऊन फोन करायला ७ वाजतील. तो कागद त्या देवघराशेजारच्या घड्याळाखाली चिकटवतात.