लोण्याची किरकोळ कामं

काल दुपारी शेजारच्या वहिनींची अंगठी बोटात अडकली. साबण झाला, खोबरेल झालं, दोरा गुंडाळायचा प्रकारही झाला. बोट वांग्यासारखं जांभळं. शेवटी मी फ्रिजमधून लोण्याची वाटी काढली. गारव्याने सूज जरा दबली, ओशटपणाने अंगठी सरकली. वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, लोण्याने असंही होतं होय!"

आता यांना काय सांगायचं? आमच्याकडे लोणी खायला मिळायचं ते बाकीची सगळी कामं उरकल्यावर.

आजी साय-विरजणाची बरणी भरली की ताक घुसळायला बसायची. हिवाळ्यात त्यात कोमट पाणी, उन्हाळ्यात माठातलं गार. तिच्याकडे थर्मामीटर नव्हता, करंगळी होती. रवीचा आवाज आधी जड, डबडब असा यायचा आणि मग एकाएकी मोकळा होऊन खळखळायचा. "आलं बघ," म्हणून ती गार पाण्यात हात बुडवून गोळा उचलायची. हात ओला नसेल तर निम्मं लोणी हातालाच. गोळा दोन-तीन पाण्यांतून धुऊन पातेल्यात गेला, तरी बोटांना थोडं राहायचंच. ते धुणं तिला नामंजूर. आधी स्वतःची कोपरं, मग टाचांच्या भेगा, मग जे पोर हाताशी लागेल त्याचे फुटलेले ओठ. त्या लोण्याला किंचित आंबूस वास असायचा आणि आम्ही ओठ चाटून ते संपवायचो, त्यामुळे ओठांना काय गुण यायचा देव जाणे.

मे महिन्यात काशाची वाटी निघायची. तळपायाला लोणी चोपडून वाटी गरगर फिरवली की तळवे काळेकुट्ट. "बघ किती उष्णता निघाली!" काशात तांबं असतं, घाम आणि स्निग्धाशी घासून ते काळं पडतं, उष्णतेचा काही संबंध नाही, हे पुढे कळलं. पण झोप अशी लागायची, की त्या काळेपणाशी वाद घालावासा वाटला नाही. चादरी धुणाऱ्या आईचं मत वेगळं होतं.

बाकीची कामं स्वयंपाकघरातली. दुधाच्या पातेल्याच्या काठाला आतून लोण्याचं बोट फिरवलं की उतू येणारं दूध तिथवर येऊन दबकतं. (गॅस मोठा ठेवून गप्पा मारत बसलात तर नाही.) खजूर चिरताना सुरीला पुसटसं लोणी लावावं. चीजच्या कापलेल्या बाजूला लावलं तर ती वाळून कडक होत नाही. केसात अडकलेलं च्युइंगमही लोण्याने सुटतं, फक्त त्यानंतर दोनदा न्हावं लागतं.

पिवळं, खारं पाकिटातलं बटर मात्र यात चालत नाही, यावर मी अडून बसते. पावावर ते हवंच, तिथे पांढऱ्या लोण्याची मिजास नको. पण फुटलेल्या ओठांना मीठ लावून बघा एकदा. शिवाय शंभर ग्रॅमचं पाकीट विकत आणून टाचांना चोळायला कोणाचा हात धजेल? ही उधळपट्टी घरच्या लोण्याचीच होऊ शकते. आणि टोन्ड दुधात स्निग्धांश 3 टक्के, त्यावर धरणार ती साय केवढी! फुल क्रीममध्ये 6 टक्के असतो, म्हणून मी तेच घेते आणि कोलेस्टेरॉलचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघते.

आजीचं एक काम मात्र मी साफ बंद केलंय. भाजलं की ती आधी लोणी लावायची. तिच्या मनगटावर तव्याचा लांबट डाग होता, तो ती लोण्याचा गुण म्हणून दाखवायची. भाजल्यावर स्निग्ध काहीही लावू नये, आच आतच कोंडते. नळाखाली, साध्या वाहत्या पाण्यात 20 मिनिटं हात धरायचा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, आणि फोड मोठा असेल तर सरळ डॉक्टर. आमच्या घरातल्या पोरांना मी हे पाठ करून घेतलंय.

आजीने ऐकून घेतलं असतं असं नाही.