म्हैसमाळची जलअस्वलं

श्रावणातला शनिवार सोडून कधीही जा. त्या दिवशी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाची एवढी गर्दी असते की पुढं सरकणं मुश्कील. आम्ही, म्हणजे मी आणि एम.एस्सी. प्राणिशास्त्र करणारा भाचा, पाऊस ओसरल्यावर आठवड्याच्या मधल्या वारी गेलो. संभाजीनगरहून खुलताबादपर्यंत एसटी, तिथून म्हैसमाळचा बाराएक किलोमीटरचा घाट जीपनं. लोक गिरिजामातेचं दर्शन घेतात, दरीकाठी भजी खातात. आम्हाला पाहायच्या होत्या जुन्या भिंती, त्यांच्यावरचं मॉस आणि त्यात राहणारी जलअस्वलं, म्हणजे टार्डिग्रेड, आठ पायांचे सूक्ष्म प्राणी. मॉस म्हणजे बारीक पानांचं, मखमली शेवाळ. डबक्यातलं बुळबुळीत नव्हे.

हे खूळ अंटार्क्टिकामुळं शिरलं. तिथून 1983 साली आणलेलं मॉस जपानी संशोधकांनी उणे 20 अंशांत ठेवलं आणि 2014 मध्ये पाण्यात सोडलं, तर त्यातली जलअस्वलं चालायला लागली. एका मादीनं 19 अंडी घातली, त्यातली 14 फुटून पिल्लं निघाली. ध्रुवावर पाणी गोठतं, आपल्याकडं आटतं, आणि जलअस्वलं दोन्ही सोसतात. म्हैसमाळच्या भिंतीवरचं मॉस जानेवारीपासून कोरडंठाक असतं, मग तिथंही हे प्राणी असणारच, असा भाच्याचा हिशेब.

हिशेब बरोबर निघाला. एका घराच्या आवारभिंतीवरून, मालकाला विचारून, पाच रुपयांच्या नाण्याएवढे तुकडे काढले. मालक म्हणाले, "काय धुंडू राहिले सर?" भाचा म्हणाला, "अस्वलं." त्यांनी आधी दरीकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

तुकडा कागदाच्या पाकिटातच ठेवा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. पाकिटावर तारीख, गाव, जीपीएस, उंची, आणि मॉस दगडावर होतं की झाडावर, हे तिथंच लिहा. घरी येऊन "नंतर लिहू" म्हटलं की संपलं. पाकिटं कोरडी राहिली तर महिनोन्‌महिने कपाटात टिकतात. दगडफूलही पाहा, काळ्या मसाल्यात जातं ते. त्यातही हा जीव राहतो.

नंतर पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात काही तास भिजवायचं, पिळायचं, गाळ बशीत घेऊन स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली 20 ते 40 पट करून पाहायचं. खाली काळा कागद, उजेड बाजूनं. वळवळणारा दोरा दिसला तर तो सूत्रकृमी, त्याला सोडा. आम्हाला दिसलं ते पारदर्शक होतं, पोटात हिरवट, दोन काळे ठिपक्यासारखे डोळे. पुढचे तीन जोड पाय चालत होते आणि मागच्या जोडीनं ते मॉसच्या पानाला धरून लोंबत होतं.

आता खरी गोष्ट. भाचा लगेच म्हणाला, "मामा, नवी जात असेल तर?" असेल. 2018 साली जपानमध्ये पार्किंगच्या काँक्रीटवरच्या मॉसमधून मॅक्रोबायोटस शोनाइकस ही नवी जात जाहीर झालीच. पण मॉस ध्रुवावरचं असो की म्हैसमाळचं, काम तेच. एक प्राणी पुरत नाही, अनेक लागतात. ते काचपट्टीवर बसवून नख्यांचा आकार, तोंडातल्या नळीची रुंदी, घशातल्या कठीण कणांची लांबी मोजायची आणि त्या मापांचं नळीच्या लांबीशी प्रमाण काढायचं. कित्येक जातींचा फरक फक्त अंड्यावरच्या नक्षीत असतो, म्हणून गाळात अंडी दिसली तर ती आधी उचला. मग डीएनए, जवळच्या जातींच्या जुन्या वर्णनांशी ताडून पाहणं, आणि मूळ नमुना संग्रहालयात जमा करणं. एवढं झाल्याशिवाय "नवी जात" म्हणणं म्हणजे नुसत्या गप्पा.

पाकिटावर ठिकाण नसेल तर यातलं काहीच होत नाही, म्हणून वर तेवढं ठासून सांगितलं.

परवानगीचं. वेरूळ, दौलताबाद इथल्या दगडाला हात लावायचा नाही, ती संरक्षित स्मारकं आहेत. गौताळा अभयारण्यात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडू नका. अंटार्क्टिकातून मॉस आणायलाही परवाना लागतोच. भारतानं त्यासाठी 2022 मध्ये कायदा केला. खासगी आवारभिंत सगळ्यात सोयीची, मालक चहाही पाजतात.

खुलताबादकडं परतायची जीप अंधार पडल्यावर भरवशाची नाही. चारपर्यंत उतरायला लागा.