कांद्याचा पापुद्रा आणि माझी चार आठवडे लटकलेली सही

धाकट्या भावाचं पुढच्या आठवड्यात मायक्रोस्कोपचं प्रॅक्टिकल आहे, काल विचारत होता, ताई त्यात अवघड काय असतं गं? मी म्हटलं काही नाही रे, आणि मग रात्री झोपायला गेल्यावर आठवीतली ती सगळी रखडपट्टी आठवली आणि परत डोकं तापलं. म्हणून लिहून टाकतेय.

बाकी आठवी तशी ठीक गेली. बीजगणित, सनावळ्या, निबंध, पीटीचा तास कुठल्या तरी दुसऱ्याच विषयाने पळवणं, सगळं पार पडलं. अडकलं ते विज्ञानाच्या जर्नलचं एकच पान, कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी.

चालू मायक्रोस्कोप एकच होता. दुसरा कपाटात, काचेमागे, शोभेला. तास 35 मिनिटांचा, त्यातली 10 हजेरी आणि सूचनांत जायची, आणि बघायची रांग रोल नंबरने. माझा नंबर 41. पहिल्या आठवड्यात 18 नंबरवर बेल झाली, दुसऱ्या आठवड्यात 39 वर. म्हणजे दोन आठवडे मी फक्त पुढच्यांच्या पाठी बघितल्या. त्यात प्रत्येक जण आला की आधी आरसा हलवणार, मग स्क्रू फिरवणार, आणि मॅडमनी 'दिसलं का?' विचारलं की 'हो' म्हणून सटकणार. किती जणांना खरंच काही दिसलं असेल मला शंकाच आहे, कारण अर्ध्या वर्गाने आकृती आदल्या दिवशीच पुस्तकातून काढून आणलेली होती.

तिसऱ्या आठवड्यात एकदाचा नंबर लागला. डोळा लावला तर मधोमध एक मस्त गोल, जाड काळी कड, आत स्वच्छ. मला इतका आनंद झाला की विचारू नका. नीट बघून तस्संच्या तस्सं काढलं, पेशीभित्तिका म्हणून नाव दिलं, आणि आत एक ठिपका होता त्याला केंद्रक करून टाकलं. मॅडमनी पान बघितलं, हसल्या, आणि लाल पेनाने आडवी रेघ मारली. 'अगं हा हवेचा बुडबुडा आहे. पुन्हा बघ, पण आता रांगेत शेवटी.' शेवटी म्हणजे 48 च्या मागे!

राग बुडबुड्याचा नव्हता, राग ह्याचा होता की ज्यांनी पुस्तकातून छापलं त्यांना पहिल्याच दिवशी सही आणि जे दिसलं ते काढलं तिला काट. त्याच धड्यात शिकवलं होतं की रॉबर्ट हुकने 1665 मध्ये बुचाचा काप बघितला आणि त्याला नुसते रिकामे कप्पे दिसले, कारण त्या पेशी मेलेल्या होत्या, उरल्या होत्या फक्त भिंती. केंद्रकाला नाव मिळालं ते 1831 मध्ये, रॉबर्ट ब्राउनकडून. म्हणजे हुकची जर्नल आमच्या वर्गात तपासायला आली असती तर 'केंद्रक कुठंय?' म्हणून परतच गेली असती. हे मी मॅडमना बोलले नाही अर्थात, मैत्रिणीला बोलले.

असो, तर भावासाठी. बुडबुडा कसा ओळखायचा, तर कड जाड काळीभोर आणि आकार गोल. कांद्याच्या पेशी लांबट असतात, विटांच्या भिंतीसारख्या एकमेकींना चिकटून. बुडबुडा होतो कव्हरस्लिप, म्हणजे स्लाइडवर झाकायची पातळ काच, वरून थेट टाकली की. एक कड पाण्याच्या थेंबाला टेकवायची, तिरपी धरायची आणि सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडायची, म्हणजे हवा बाजूने निघून जाते. जास्तीचं पाणी टिपकागदाने. हो, आणि पापुद्रा आतल्या बाजूचा, एकदम पातळ, चिमट्याने काढून लगेच पाण्यात टाकायचा, नाहीतर त्याची गुंडाळी होते आणि मग उलगडत बसा.

आयोडीन एकच थेंब बास. त्याने केंद्रक पिवळट तपकिरी उठून दिसतं. निळंकाळं होईल म्हणून वाट बघू नको, कांद्याच्या पेशीत स्टार्च साठलेला नसतो. आणि केंद्रक मधोमध शोधत बसू नको, मोठी रिक्तिका (पेशीतली रसाने भरलेली पिशवी) त्याला कडेला ढकलते, तिथेच बघ. हिरवं पण काही दिसणार नाही, ह्या पेशीत हरितलवक नसतं.

चौथ्या आठवड्यात मी हे सगळं केलं आणि तरी काही दिसेना, कारण आधीच्या मुलाने मोठ्या पॉवरची लेन्स लावून ठेवलेली. आधी सगळ्यात छोटी लावायची, पेशी सापडल्या की मगच वाढवायची. नेत्रिका, म्हणजे डोळा लावतो ती वरची लेन्स, 10 पट आणि खालची लेन्स 10 पट असेल तर एकूण 100 पट, वीस नाही, हे तोंडी परीक्षेत विचारतात. मोठ्या पॉवरवर जाड स्क्रू अजिबात फिरवायचा नाही, काच तडकते (आमच्याकडे 27 नंबरने तडकवली, त्यात पाच मिनिटं गेली). स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे जातं, घाबरू नको, प्रतिमा उलटीच असते.

आणि मग दिसल्या. ओळीने विटा, प्रत्येकीत कडेला एक तपकिरी टिकली. मागून कोणी नव्हतं, मीच शेवटची, त्यामुळे बेल होईपर्यंत बघत बसले. शेवटच्या नंबरचा तेवढा एक फायदा.

सही मिळाली. बुडबुड्याचं पान फाडू दिलं नाही, जर्नलची पानं मोजलेली असतात, त्यामुळे लाल रेघेसकट ते अजून आहे. भावाला तेच दाखवणार आहे आधी.

अरे हो, पेन्सिलला टोक करून ने. आकृतीत शेडिंग केलं तरी परत पाठवतात, फक्त ठिपके चालतात.