आवाज येईना!

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'काहीतरी लिहून पाठवा' असा निरोप मुख्याध्यापिकाबाईंनी धाडला आणि बंदोबस्ताच्या गडबडीतही मी लगेच हो म्हणून टाकलं. लिहायचं होतं शाळेबद्दल, पण पेन हातात घेतलं की सरच समोर येतात. त्यांचं नाव लिहीत नाही. आपल्याकडे नुसतं 'सर' म्हटलं की कोण, हे सगळ्या बॅचना ठाऊक आहे. बाकीच्या सरांना विषय लावून ओळखावं लागायचं, गणिताचे, इंग्रजीचे, चित्रकलेचे. त्यांनी रागावू नये.

नांदेडच्या पोराला हॉकी समजावून सांगावी लागत नाही. गुरू गोबिंदसिंघजी गोल्ड आणि सिल्व्हर कपचे सामने लागले की खालसा हायस्कूलच्या मैदानाभोवती आपली निम्मी शाळा जमायची, आणि कोण वर्ग बुडवून आलंय ते बघायला सरही तिथंच! पंजाबचे, लष्कराचे खेळाडू बघून प्रत्येकाला फॉरवर्ड व्हायचं होतं. मी गोली, म्हणजे गोलकीपर झालो, कारण पॅड माझ्या मापाचे निघाले.

अडचण अशी की मी बोलतच नसे. उत्तर येत असलं तरी वर्गात हात वर नाही. गोलीचं तसं चालत नाही. अख्खं मैदान समोर दिसतं ते त्यालाच. बॅकच्या पाठीमागून कोण घुसतंय ते त्यानंच ओरडून सांगायचं. सरांनी यावर भाषण दिलं नाही. शाळा सुटली की मला सायकल स्टँडकडच्या गोलात उभं करायचे आणि स्वतः पलीकडच्या गोलात जायचे. मधे पुरे शंभर यार्ड.

"प्रतिज्ञा म्हण."

मी सुरू करायचो. सरांनी हात वर केला की ऐकू आलं नाही असं समजायचं आणि पुन्हा 'भारत माझा देश आहे'पासून. पोरं सायकली धरून हसत उभी राहायची. पुढं पुढं कुंपणापलीकडचा गिरणीवाला सरांना म्हणाला, "सर, सारे भारतीय माझे बांधव आहेत हे मला गिरणी चालू असताना ऐकू यायलंय. आता सोडा त्या लेकराला घरी." सरांनी सोडलं नाही.

त्याच सुमारास, डिसेंबर १९९८ मध्ये, धनराज पिल्लेच्या संघानं बँकॉकला ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण आणलं. कोरियाविरुद्धची फायनल बरोबरीत सुटून पेनल्टी स्ट्रोकवर, म्हणजे फक्त गोली समोर असताना मारायच्या एकेका फटक्यावर गेली आणि गोलात उभ्या आशिष बल्लाळनं ती वाचवली. त्यानंतर शाळेत मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, "गोली व्हायला काय लागतं रे?"

महाराष्ट्राच्या १७ वर्षांखालील शालेय संघाची निवड चाचणी त्याच हंगामात पुण्याला झाली. रात्रीच्या एसटीनं सर स्वतः बरोबर आले. मैदानावर पोचलो तर माणसं पाइपानं त्या हिरव्या प्लास्टिकच्या गवतावर पाणी मारत होती. टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावणाऱ्या मुलखातला मी. उगवणार काहीच नाही त्याला एवढं पाणी? ओल्या टर्फवर चेंडू सरळ आणि सुसाट पळतो, हे सरांनी सांगितलं, आणि ते ऐकून पोटात आणखीच गोळा आला. पुण्या-मुंबईच्या पोरांचे बूट, त्यांच्या स्टिका, त्यांचं एकमेकांशी सहज चाललेलं बोलणं. माझ्या तोंडाला कोरड पडली होती.

सर म्हणाले, "मॉन्ट्रियलला १९७६ साली ऑलिम्पिक पहिल्यांदा असल्या गवतावर झालं, तर ध्यानचंदांचा देश सातवा आला. तुला पहिल्या घडीला जमलं नाही तर कोण काय म्हणणाराय?" आणि जाळीबाहेर, माझ्या बरोब्बर समोरच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

पहिला गोल मी नुसता बघत राहिलो. मागच्या फळीचा ठण्ण आवाज झाला तेव्हा कळलं. मग आमच्यावर पेनल्टी कॉर्नर आला, म्हणजे समोरच्यांना गोलजवळून फटक्याची आयती संधी. माझ्या बाजूचे चौघं अनोळखी, पुण्याकडचे, गोलरेषेवर उभे, आणि मी गप्प. पलीकडं पाहिलं. सरांचा हात वर!

त्यानंतर जे तोंडातून निघालं ते शुद्ध नांदेडी होतं. "अरे कामून थांबलास? पहिल्यानं थेट बॉलवर पळ! तू डावा खांब सोडू नको!" एकजण फिदीफिदी हसला, पण खांबाला जाऊन उभा राहिला. फटका माझ्या पॅडवर बसला आणि रिबाउंड त्यानंच बाहेर काढला. चाचणी संपेपर्यंत माझं तोंड बंद झालं नाही. घाबरायला सवडच मिळाली नाही म्हणा ना. यादीत दुसरा गोलकीपर म्हणून माझं नाव लागलं. राष्ट्रीय स्पर्धेत बहुतेक वेळ बाकावर गेला, त्याचं मला काही वाटत नाही. परतीच्या एसटीत सर मात्र 'गळ्याला बरं असतं' म्हणून मला खडीसाखर चारत होते आणि शेजारच्या प्रवाशाला, विचारलं नसताना, माझी ओळख करून देत होते.

आज मी पोलीस निरीक्षक आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशांच्या वरून माझा आवाज चौकाच्या पलीकडं पोचतो. नव्या शिपायांना मेगाफोन लागतो, मला नाही. ही बढाई समजली तरी हरकत नाही, ती सरांची आहे.

गेल्या दिवाळीत शाळेत डोकावलो. सायकल स्टँडकडचा गोल होता तिथं आता संगणक कक्ष आणि गाड्यांचं पार्किंग. उरलेल्या मैदानात क्रिकेट चालू होतं. इमारत चांगली आहे, नाही म्हणत नाही, पण शंभर यार्ड काही शिल्लक नाहीत. २०२१ला टोकियोत आणि पुन्हा २०२४ला पॅरिसमध्ये आपण हॉकीचं ब्राँझ आणलं, दोन्ही वेळा गोलात श्रीजेश. आणि आपल्या शाळेत एक गोल उभा करायला जागा नसावी?

गोलकीपरचं एक पूर्ण किट, हेल्मेटसकट, मी महोत्सवानिमित्त देतोय. बाईंना तसं कळवलंय. ते कपाटात कुलूप लावून ठेवू नये, आणि ज्याच्या मापाला येईल त्याला सरळ गोलात उभं करावं, एवढी विनंती.