बुधवारचं अंडं

बोलणाऱ्या लांडग्याचं माझ्या आईला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "एवढा दांडगा गडी, आणि खातो काय?"

झालं असं, की दिवाळी संपली आणि आई गुडघा दाखवायला इंदापूरकडून आमच्याकडे पुण्याला आली. दुपारी आडवी व्हायची आणि संध्याकाळी माझा अकरावीतला मुलगा टीव्हीवर जे लावेल ते बघत बसायची. त्या आठवड्यात त्यानं 'बीस्टार्स' ही जपानी कार्टून मालिका लावली होती. संवाद जपानी, खाली इंग्रजी अक्षरं पळणार. आईला दोन्ही सारखंच. म्हणून मटार सोलता सोलता मी तिला मराठीत सांगत होते. भोपळ्यात बसून लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट तिनं मला शंभरदा सांगितली असेल, त्याची ही परतफेड.

तर चेरीटन नावाची एक शाळा आहे. तिथे मांसाहारी आणि शाकाहारी प्राणी गणवेश घालून, दोन पायांवर चालत एकत्र शिकतात. मांस खाणं हा गुन्हा. वाघ-अस्वलांनी सोयाबीनचे बर्गर, अंडी, दूध यांवर भागवायचं. आणि पहिल्याच भागात एका अल्पाकाला, म्हणजे उंटाच्या कुळातल्या लोकरवाल्या प्राण्याला, कुणीतरी मारून खातं. संशय साहजिकच मोठ्या दातवाल्यांवर. आपला नायक लेगोशी, वय सतरा, राखाडी लांडगा, उंच आणि पाठीत वाकलेला, नाटकाच्या ग्रुपमध्ये लाइट सांभाळतो. कुणाला आपली भीती वाटू नये म्हणून अंग चोरून वावरणारा. एका रात्री अंधारात तो हारू नावाच्या चिमुकल्या पांढऱ्या सशिणीवर झेप घेतो, ती निसटते, आणि त्यानंतर तिच्याविषयी जे वाटतं ते प्रेम आहे की भूक, हेच त्याला कळेनासं होतं.

हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यात नवीन काय?"

लेगोशी हे नाव तिच्या तोंडात बसेना. दुसऱ्या दिवसापासून त्याचा 'लगोरी' झाला.

घरातला पहिला आक्षेप माझ्या नवऱ्याचा. चहा घेऊन आला, दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "प्राण्यांना शर्ट-पँट घालून काय साधलं?" हाच माणूस नव्वदीत दर रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या दारात मोगली बघायला उभा असायचा. तीही मालिका जपानीच, १९८९ची, हे मी त्याला सांगितल्यावर तो बराच दुखावला. "पण बगीराला शर्ट नव्हता," एवढं बोलून आत गेला. पुन्हा बाहेर आला नाही. मालिका सोडून देणाऱ्यांची जगभर एक जमात आहे, तिचा आमच्या घरातला हा प्रतिनिधी. त्यांना बोलणारा प्राणी चालतो, शिकवणारा चालतो, गाणारा तर पळतो. पण त्याला शाळेची फी, लाज आणि वयात येणं लाभलं, की त्यांना कसंतरी होतं.

मुलाचा आक्षेप वेगळा होता. त्याला प्राण्यांचं काहीच वाटलं नाही, त्याला खटकलं चित्र. ही मालिका ऑरेंज नावाच्या स्टुडिओनं २०१९ साली संगणकावर, त्रिमितीत केली. हातानं काढलेल्या चित्रांवर वाढलेल्या अॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या, भक्तांना ते सोवळ्यात आलेल्या पाहुण्यासारखं खुपतं. "गेमसारखं दिसतंय गं," असं तो पहिले दोन भाग कुरकुरत होता. त्याच्या मित्रांपैकी दोघांनी तेवढ्यावरच सोडली म्हणे. तिसऱ्या भागात मात्र तो गप्प झाला. लांडग्याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही, पण कान आधी बोलतात, हे त्याच्या लक्षात आलं असावं. मला तर तेच सगळ्यात आवडलं. माणसाला कान असे दगा देणारे असते तर निम्मे संसार मोडले असते.

पहिल्या पर्वाचं सुरुवातीचं गाणं मात्र संगणकावरचं नाही. ते बाहुल्या एक-एक चित्रानं हलवून केलेलं आहे. लोकरीचे वाटणारे लांडगा आणि ससा अंधारात नाचतात. मुलगा गाणं पुढे ढकलायला लागला की आई त्याला थांबवायची. तिचं माहेर-सासर दोन्हीकडे धनगरांचे वाडे, घोंगडीचा पोत तिला लांबून कळतो. "मेंढीच्या लोकरीचा लांडगा," ती म्हणाली, "बरं सुचलं मेल्यांना."

आईच्या बाजूला लांडगा हा टीव्हीतला प्राणी नाही. इंदापूर-बारामतीच्या माळरानावर अजून आहे तो, अंगानं किडकिडीत, रंगानं वाळलेल्या गवतासारखा. तो हाच, राखाडी लांडगा, फक्त आपल्याकडचा वाण जरा लहान. आईच्या लहानपणी तो करडू उचलून न्यायचा, आणि वाड्यावर दोन दिवस त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालायचा. त्यामुळे रडवेला, अपराधी लांडगा तिला पटणं कठीण होतं. "ह्यो काय लांडगा हाय? वाघ म्हणलं तरी खातो, वाघोबा म्हणलं तरी खातो," असं ती पहिल्या दिवशी ठणकावून बोलली. पुढे तो कुणाला तरी वाचवायला धावला की हीच बाई पदराला हात पुसत म्हणायची, "पळ की रं लगोऱ्या."

आता माझं. मला वाटत होतं मी घरातली सगळ्यात समंजस प्रेक्षक. दुसऱ्या भागाच्या शेवटी ती समजूत गेली. लेगोशी काही कामासाठी हारूकडे जातो, ती त्याच्या येण्याचा भलताच अर्थ लावते आणि कपडे उतरवायला लागते. खोलीत सोळा वर्षांचा मुलगा, पासष्ट वर्षांची आई, आणि रिमोट सोफ्याच्या फटीत. मुलगा पाणी प्यायला उठला, आणि आमच्याकडे पाणी प्यायला एवढा वेळ लागत नाही. मी सालांमध्ये दाणे आणि दाण्यांत सालं टाकत राहिले. आई शांत. "सशाचं काय घेऊन बसलीस? सशाला वर्षाला पिल्लं किती होतात, ठाऊक आहे का?"

या मालिकेवरून सगळ्यात कडू भांडणं हारूवरून होतात. एक पक्ष म्हणतो, लेखकानं मुलीला असं दाखवायचं म्हणजे हद्द झाली. दुसरा म्हणतो, पुढचं ऐका तरी. पुढचं असं, की ती एवढी लहान आहे की सगळे तिला एकतर छळतात नाहीतर जपतात. बरोबरीनं कुणी वागवत नाही. बंद दाराआड तेवढ्यापुरती ती समोरच्याच्या बरोबरीची होते. हे ऐकल्यावर माझा राग अर्धा गेला. अर्धा अजून आहे, आणि तो घालवायची मला घाई नाही.

'लेखकानं' म्हणणाऱ्यांना एक ठाऊक नसतं, की मूळ चित्रकथा एका बाईची आहे. पारू इतागाकी. नाव वाचून आईला वाटलं आपल्यातलीच कुणी पारू. ही बाई लोकांसमोर येते ती कोंबडीचं तोंड लावून, म्हणजे खरोखरचा मुखवटा घालून. २०१८ साली तिला जपानातले तीन मोठे पुरस्कार एकापाठोपाठ मिळाले, त्यातला एक तेझुका या थोर चित्रकथाकारांच्या नावाचा. पुरस्कार देणाऱ्यांचंही मत असतंच, पण त्यांना सोफ्यावर आईशेजारी बसून बघावं लागत नाही.

कोंबडीवरून आठवलं. माझा खरा अडथळा सशीण नव्हतीच, कोंबडी होती.

वर्गात लेगोशीच्या शेजारच्या बाकावर लेगोम नावाची एक पांढरी कोंबडी बसते. ती शाळेच्या खानावळीला आपली अंडी विकते, त्यांची सँडविचं होतात. दर बुधवारी लेगोशी अंड्याचं सँडविच खातो, आणि त्यातलं अंडं शेजारणीचं आहे याचा त्याला पत्ताच नाही. तिला मात्र आहे. बुधवार हा तिचा अभिमानाचा दिवस. एकदा तो मित्राला सहज बोलून जातो, की आज चव जरा उतरल्यासारखी वाटतेय. हिच्या ते जिव्हारी लागतं. आणि ती रुसत नाही, जेवणखाणाकडे लक्ष देऊन पुढचं अंडं सुधारायच्या मागे लागते. शेवटी त्याला ते आवडतं. काही मिनिटांचाच तुकडा, मूळ कथेशी फारसा संबंध नाही, कुणी मरत नाही.

आणि मला ढवळून आलं.

अल्पाकाचा खून मी मटार सोलत बघितला होता. मांसाच्या काळ्या बाजारात एक म्हातारा स्वतःच्या हाताची बोटं विकायला बसतो, तेही बघितलं. पण शेजारणीचं अंडं घशाखाली उतरेना. गंमत म्हणजे आमच्याकडेही अंड्याचा वार बुधवारच. सोमवार शंकराचा, मंगळवार-शुक्रवार देवीचे, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरतात रविवार आणि बुधवार. रविवारी चिकन, म्हणजे बुधवार अंड्याचा. ते कुणी ठरवलं नाही, वारांनीच ठरवलं. नेमका दुसऱ्या दिवशी बुधवार होता. सकाळी डब्यासाठी भुर्जी करायला घेतली, अंडं वाटीच्या काठावर धरलं, आणि हात थबकला. ह्याची चव उतरली असं कुणी म्हटलं तर ऐकणारं कुणीतरी असेल काय, असला काहीतरी विचार.

आईनं मागून अंडं घेतलं आणि फोडलं. "ती विकते ना? पैसे मिळतात ना तिला? मी आमच्या कोंबड्यांना कधी दिले?"

नंतर मी ओळखीच्या लोकांना मुद्दाम विचारायला लागले, तुमचं कुठे अडलं. ऑफिसातल्या एका पोरीनं सांगितलं, तिनं सगळी बघितली, आवडली, पण कुणाला सांगत नाही, कारण मग लोक 'फरी' म्हणून चिडवतात. प्राणी-माणसांच्या फार प्रेमात असलेल्यांना तो शब्द लावतात. एका शाकाहारी मित्राला सगळं आवडलं, फक्त मांस न खाणाऱ्या वाघांची दया आली. हे त्याच्याकडून अपेक्षित नव्हतं. एकाला सगळं चालेल, पण शेपटीसाठी पँटला भोक पाहिजे, हा त्याचा मुद्दा. एकूण प्रत्येकाचा प्राणी वेगळ्या ठिकाणी संपतो आणि माणूस वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. तो सांधा त्यानं स्वतः शिवलेला असतो, आणि मालिका नेमकी तिथे उसवते. क्योतोच्या कोझान-जी देवळाच्या आठेकशे वर्षांपूर्वीच्या गुंडाळ्यांवर ससे आणि बेडूक कुस्ती खेळतात, एक बेडूक तर बुद्धाच्या जागी बसलाय आणि माकड भटजी झालंय. ते बघून मात्र कुणाचं काही अडत नाही. चित्रातल्या बेडकाला भूक नसते, म्हणून असेल.

मुलाचं उसवलं ते दुसऱ्या पर्वाच्या शेवटी. (बघायची ठेवली असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) लेगोशीला अस्वलाशी लढायचंय, अंगात ताकद नाही, तेव्हा त्याचा मित्र असलेला हरीण आपला पाय पुढे करतो आणि सांगतो, खा. तो खातो. माझा मुलगा ताडकन उठला. "काही लॉजिकच नाही! पूर्ण वाट लावली!" त्याच्या ग्रुपवर रात्री साडेबारापर्यंत धुमश्चक्री चालली होती. निम्मे म्हणत होते ही मैत्रीची कमाल, निम्मे म्हणत होते लेखिकेला आवरतं घेता आलं नाही. चित्रकथा २०२० साली संपली, तेव्हाही शेवट घाईत उरकला म्हणून वाचक असेच कुरकुरले होते.

आईनं विचारलं, "हरणानं आपणहून दिला ना पाय?"

"हो आज्जी, पण..."

"शिबी राजानं मांडीचं मांस कापून दिलं होतं. कबुतरापायी." तिनं कीर्तनात ऐकलेला शिबी राजा तराजूसकट आमच्या हॉलमध्ये आणून बसवला. मुलगा पाच मिनिटं ऐकत राहिला. मग म्हणाला, "पण त्यात ससाणा खोटा होता ना? देव होता. हा खरा खातो." आई काही बोलली नाही. मला वाटतं, आठवडाभरात तिला निरुत्तर केलेलं ते एकच वाक्य.

गुडघ्याला बरं वाटल्यावर आई गावी गेली. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. गुडघा, पाऊसपाणी, शेजारच्या सुनेचं बाळंतपण झाल्यावर म्हणाली, "अगं, तुमचा लगोरी दिसला काल."

"कुठे?"

"ओढ्याच्या अंगाला. तिन्हीसांजेला. उभा होता बघत. असाच, मान खाली घालून." जरा थांबून म्हणाली, "मी लेकीकडं तूपरोटी खाऊन आलेली त्याला कळलं असणार."

"आणि शेरडं?"

"ती कधीच आत घेतली. कडी घातली."